हायकोर्टाचा दरवाजा दिल्लीला नेऊ नका

महाराष्ट्रातून लोकसभेवर गेलेल्या 48 आणि राज्यसभेतल्या 19 सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीच्या जिल्हा न्यायालयात गेली 31 वर्षं वकिली करतो. दिवाणी दावे, सोसायट्यांची प्रकरणं, अधूनमधून मुंबईत एखादी रिट, म्हणजे सरकारविरुद्ध थेट हायकोर्टात करायची याचिका. मी घटनातज्ज्ञ नाही. पण या पत्राचा विषय घटनातज्ज्ञांवर सोपवून मोकळं होण्याजोगा नाही, कारण त्याची झळ शेवटी माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या पक्षकाराला लागते.

विषय असा. देशाच्या सरकारनं आणलेला कायदा किंवा धोरण एखाद्या राज्यातल्या हायकोर्टानं अडवावं का? 'दोन न्यायमूर्ती बसतात आणि अख्ख्या देशाचा कायदा थांबवतात, हे बंद करा. केंद्राच्या कायद्याला आव्हान द्यायचं तर सरळ सुप्रीम कोर्टात द्या', असं म्हणणारे पूर्वीही होते. 27 जून 2025 रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तिथल्या खालच्या कोर्टांचे हात बांधणारा निकाल दिला आणि तेव्हापासून आमच्या बाररूममध्येही, म्हणजे वकिलांच्या खोलीत, ही भाषा जास्त ऐकू येऊ लागली. बोलणारे कायदा जाणणारे लोक आहेत. उद्या हीच मागणी तुमच्या सभागृहात आली तर बटण तुम्ही दाबणार आहात. म्हणून आधीच लिहितोय.

या मागणीमागची तक्रार खरी आहे, हे मी पहिल्यांदा कबूल करतो. आमच्या भागात 'स्टे आणलाय' एवढं म्हटलं की समोरचा माणूस गप्प होतो. स्टे म्हणजे निकाल नव्हे, निकाल लागेपर्यंतची सोय. पण निकाल वर्षानुवर्षं लागतच नाही तेव्हा ती सोयच निकाल होऊन बसते. तंबाखूविरोधी कायदा 2003 चा. दुकानांवर तंबाखूच्या जाहिरातींचे फलक केवढे असावेत, त्यावर काय लिहावं, याचे नियम त्यानंतर आले. 2006 साली मुंबई हायकोर्टानं त्या नियमांना अंतरिम स्थगिती दिली. ती उठली 2013 साली, आणि तीही एक स्वयंसेवी संस्था सुप्रीम कोर्टात गेली म्हणून. सात वर्षं. सार्वजनिक आरोग्याचा नियम सात वर्षं कागदावर राहिला आणि तो वैध की अवैध याचा निवाडा मात्र झालेला नव्हता. त्या वेळी सुप्रीम कोर्टानं स्पष्ट बजावलं की कायदा वरवर पाहताच घटनाबाह्य दिसत असेल आणि सार्वजनिक हितही अर्जदाराच्या बाजूनं असेल, तरच त्याची अंमलबजावणी थांबवावी. केवळ हरकत घेतली गेली म्हणून नव्हे.

त्यामुळे 'हायकोर्टं कधी चुकतच नाहीत' असा माझा दावा नाही. सोयीचं हायकोर्ट शोधून तिथं याचिका टाकणारे वकील आहेत, आणि त्यांना तशी फी देणारे पक्षकारही. एका हायकोर्टानं एक म्हणावं, दुसऱ्यानं त्याच्या उलट, आणि व्यापाऱ्याला कळू नये की आपण कुठला नियम पाळायचा, हेही घडतं. सरकार चालवणाऱ्याला याचा वैताग येत असेल तर तो मी समजू शकतो.

आता अमेरिकेचं उदाहरण जरा नीट पाहू, कारण ते अर्धवट सांगितलं जातं. तिथं केंद्राची 94 जिल्हा न्यायालयं आहेत. त्यांतला एकटा न्यायाधीश संपूर्ण देशाला लागू होईल असा मनाई हुकूम देऊ शकत असे. ओबामांचा स्थलांतरितांना दिलासा देणारा कार्यक्रम 2015 मध्ये टेक्सासच्या एका न्यायाधीशानं असाच थांबवला. ट्रम्प यांचा जन्मसिद्ध नागरिकत्वासंबंधीचा आदेशही अशाच हुकमांनी अडला. म्हणजे ज्याचं सरकार त्याची ओरड, आणि विरोधकांना त्याच हुकमांचा आधार. 2025 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की खालच्या कोर्टानं दिलासा द्यायचा तो समोर आलेल्या वादींना पुरेल इतकाच द्यावा. 1789 च्या न्यायालय कायद्यातून त्याहून मोठा अधिकार निघत नाही. सरकारचा आदेश घटनेविरुद्ध आहे की नाही हे तपासायचा अधिकार त्या कोर्टांकडून काढून घेतलेला नाही. काढली ती दिलाशाची व्याप्ती. आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत न्यू हॅम्पशायरच्या एका न्यायाधीशानं सामूहिक दाव्याच्या मार्गानं तोच आदेश देशभरातल्या बाळांपुरता रोखला.

आपल्याकडे 'खालचं कोर्ट' म्हणजे मी जिथं उभा राहतो ते. आमच्या जिल्हा न्यायाधीशांना केंद्राचाच काय, राज्याचाही कायदा घटनाबाह्य ठरवता येत नाही. कायद्याच्या वैधतेचा खरा प्रश्न दाव्यात आला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 113 प्रमाणे तो हायकोर्टाकडे पाठवावा लागतो. म्हणजे अमेरिकेत ज्या पायरीवर वाद पेटला, ती पायरी आपल्याकडे पहिल्यापासून बंदच आहे. हायकोर्ट ही निराळी गोष्ट. ते घटनेनं निर्माण केलेलं न्यायालय आहे. त्याच्या निकालावर सुप्रीम कोर्टात अपील चालतं, पण जिल्हा न्यायालयांवर हायकोर्टाची जशी देखरेख असते तशी सुप्रीम कोर्टाची हायकोर्टांवर नसते. देशात 25 हायकोर्टं आहेत आणि कायद्याच्या वैधतेला दिलेलं आव्हान मुंबईसारख्या हायकोर्टात दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढं चालतं. त्यांना 'खालची कोर्टं' म्हणून अमेरिकेच्या जिल्हा न्यायालयांच्या रांगेत बसवणं हीच पहिली चूक.

दुसरी गोष्ट, हा प्रयोग आपण दोनदा करून पाहिलेला आहे.

पहिल्यांदा तो नकळत झाला. हायकोर्टाला रिटचा अधिकार देणारं घटनेचं कलम 226. मूळ कलमात हायकोर्टाचा हुकूम त्याच्या हद्दीतल्या अधिकाऱ्यावरच चाले. 1953 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की निवडणूक आयोगाचं कार्यालय दिल्लीत आहे, म्हणून मद्रास हायकोर्ट त्याला हुकूम देऊ शकत नाही. 1961 मध्ये खजूरसिंग प्रकरणात तेच भारत सरकारला लागू झालं. सरकार बसतं दिल्लीत, म्हणून केंद्राविरुद्ध रिट करायची ती दिल्लीवर अधिकार असलेल्या हायकोर्टातच, त्या काळी पंजाबच्या. केरळचा माणूस असो की कोकणातला, केंद्रानं त्याच्यावर अन्याय केला तर त्यानं उत्तरेची गाडी धरायची. त्या काळच्या संसदेला हे बरं वाटलं नाही. 1963 च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनं तिनं ठरवलं की वादाचं कारण जिथं पूर्ण किंवा अंशतः घडलं, तिथल्या हायकोर्टालाही केंद्राला हुकूम देता येईल. सत्तेवर असलेल्या पक्षानं स्वतःविरुद्धचा दरवाजा लोकांच्या जवळ आणून ठेवला. तुमच्या संसदेच्या इतिहासातल्या या पानाचा मला मनापासून अभिमान वाटतो.

दुसऱ्यांदा तो जाणूनबुजून झाला, 1976 साली. आणीबाणीतल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं कलम 226क आणलं: रिट याचिकेत हायकोर्टानं केंद्रीय कायद्याची वैधता तपासायची नाही. तो अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाचा. तिथंही किमान सात न्यायमूर्ती बसायचे आणि दोन-तृतीयांश मतांशिवाय कायदा अवैध ठरवायचा नाही. आज बाररूममध्ये जी मागणी नवी म्हणून मांडली जाते ती शब्दशः हीच आहे. जनता राजवटीत त्रेचाळिसाव्या दुरुस्तीनं ही कलमं काढून टाकली गेली. राज्यसभेत तेव्हा काँग्रेसचं बहुमत होतं, तरीही ती दुरुस्ती तिथून पार पडली. म्हणजे आपण केलेली चूक उलटवायला त्या पक्षाच्या सदस्यांनीही वाट दिली.

आणीबाणीतलीच आणखी एक हकीकत. विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्या लोकांच्या अर्जांवर देशातल्या नऊ हायकोर्टांनी सांगितलं की आणीबाणी असली तरी ही अटक कायद्याला धरून आहे की नाही हे आम्ही तपासू शकतो. त्यांत आपल्या मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठही होतं. 28 एप्रिल 1976 ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक मतांनी त्या सगळ्यांना खोटं पाडलं. विरोधात उभे राहिले एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. तो बहुमताचा निकाल चुकीचा होता असं सुप्रीम कोर्टानंच 2017 साली म्हटलं. 41 वर्षांनी. देशात एकच दार उघडं असतं आणि ते असं बंद झालं असतं, तर नऊ ठिकाणी बरोबर बोललं गेलं होतं याची नोंदसुद्धा राहिली नसती. ज्या काळात सगळ्यात जास्त भीती होती त्या काळात लांबच्या, लहान कोर्टांनी जास्त धीर दाखवला, हे मी तरुण वकिलांना नेहमी सांगतो.

आता माझ्या आणि तुमच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. सहकार.

सत्त्याण्णवावी घटनादुरुस्ती 2012 साली अमलात आली. सहकारी संस्थांच्या संचालकांची संख्या किती, मुदत किती, निवडणूक कोणी घ्यायची, ऑडिट कसं, हे सगळं तिनं थेट घटनेत लिहून टाकलं. महाराष्ट्रानं त्याबरहुकूम आपला 1960 चा सहकार कायदा 2013 मध्ये बदललाही. कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ, पतसंस्था, गावच्या विकास सोसायट्या, सगळ्यांचे उपविधी, म्हणजे संस्थेचे अंतर्गत नियम, बदलले. आमच्या ऑफिसात त्या वर्षी उपविधींच्या गठ्ठ्यांनी टेबल दिसत नव्हतं. सहकार हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायचा, विषय आहे. राज्यांच्या अधिकाराला हात लावणारी दुरुस्ती करायची तर निम्म्या विधानमंडळांची मंजुरी घ्यावी लागते, असं कलम 368 सांगतं. ती घेतलेली नव्हती. हे देशाला कोणी सांगितलं? राज्य सरकारांनी नाही. गुजरातमधल्या एका नागरिकानं आपल्या हायकोर्टात अर्ज केला आणि एप्रिल 2013 मध्ये गुजरात हायकोर्टानं तो घटनादुरुस्तीचा भाग रद्द ठरवला. केंद्र सरकार अपिलात गेलं. 20 जुलै 2021 ला सुप्रीम कोर्टानं राज्यांतर्गत सहकारी संस्थांपुरता तो निकाल कायम केला. संसदेनं संमत केलेली घटनादुरुस्ती, सर्व राज्यांना लागू होणारी, आणि ती अडवली एका हायकोर्टानं. बरोबर अडवली.

तुम्ही महाराष्ट्राचे प्रतिनिधी आहात म्हणून हे विस्तारानं लिहिलं. हायकोर्टाचा हा अधिकार तुम्हाला केंद्राच्या वाटेतला अडथळा वाटत असेल, पण राज्याच्या वाट्याचं राज्याकडे ठेवणारी तीच राखण आहे.

यावर कोणी म्हणेल, कलम 32 आहे ना, जा सुप्रीम कोर्टात. बाबासाहेबांनी ज्याला घटनेचा आत्मा म्हटलं ते हे कलम. पण ते मूलभूत हक्कांपुरतं आहे. संसदेनं आपल्या अधिकाराबाहेर जाऊन राज्याच्या विषयावर कायदा केला एवढीच तक्रार असेल आणि कुठला मूलभूत हक्क मोडलेला नसेल, तर नागरिकाला कलम 32 खाली जाता येत नाही. कलम 226 मध्ये 'अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी' असे शब्द आहेत, म्हणून हायकोर्टात जाता येतं. ते दार बंद केलं तर सहकाराच्या त्या तक्रारीसाठी सामान्य माणसाला देशात एकही दार उरत नाही. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि चर्चेत ती कोणीच काढत नाही.

सगळं एकाच कोर्टात नेलं की लवकर आणि एकसारखा निकाल मिळेल, असंही म्हणतात. नोटबंदी आठवा. 8 नोव्हेंबर 2016 ला घोषणा झाली. ठिकठिकाणच्या हायकोर्टांत याचिका गेल्या. 16 डिसेंबरला सुप्रीम कोर्टानं विषय घटनापीठाकडे सोपवला आणि इतर कुठल्याही कोर्टानं यावर सुनावणी करू नये असं सांगितलं. एकसारखा निकाल हवा म्हणून हे योग्यच वाटत होतं. निकाल आला 2 जानेवारी 2023 ला. सरकारच्या बाजूनं, चार विरुद्ध एक. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी निर्णयाची प्रक्रिया बेकायदा ठरवली, पण इतक्या वर्षांनी झालेलं उलटवता येत नाही हे त्यांनाही लिहावं लागलं. माझा मुद्दा निकाल चूक की बरोबर हा नाही. ज्या शेतकऱ्यानं त्या डिसेंबरात जिल्हा बँकेच्या दारात उभं राहून काढलेले दिवस आहेत, त्याला सहा वर्षांनी आलेल्या निकालाचं काय करायचं?

हायकोर्टं देशाचं धोरण अडवतात आणि सुप्रीम कोर्ट अडवत नाही, असंही नाही. तीन कृषी कायद्यांना 12 जानेवारी 2021 ला स्थगिती दिली ती सुप्रीम कोर्टानं.

मग करायचं काय? घटनेला हात न लावता करता येईल असं पुष्कळ आहे. एकतर्फी स्थगिती मिळाली तर ती उठवण्यासाठी अर्ज करता येतो आणि तो दोन आठवड्यांत निकाली निघाला नाही तर स्थगिती आपोआप संपते, असं कलम 226 च्या तिसऱ्या खंडात लिहिलेलं आहे. सरकारी वकिलांना मुदतीत अर्ज करायला, मुदतीत उत्तर दाखल करायला लावा. मी कोर्टात बसून पाहिलेलं आहे: स्थगिती महिनोन्‌महिने चालते, कारण सरकारचं प्रतिज्ञापत्रच येत नाही. तारखेमागून तारीख 'उत्तरासाठी वेळ' म्हणून जाते आणि मग दोष कोर्टाच्या माथी मारला जातो. संसदेत मंत्र्यांना विचारा, केंद्राच्या कायद्यांना आणि नियमांना आज किती अंतरिम स्थगित्या चालू आहेत आणि त्यांतल्या कितींत सरकारनं स्थगिती उठवण्याचा अर्ज केला. हा प्रश्न तुमच्यापैकी एकानं जरी विचारला तरी मला हे पत्र लिहिल्याचं सार्थक वाटेल.

अनेक हायकोर्टांत एकच प्रश्न असेल तर कलम 139क आहे. सुप्रीम कोर्ट ती प्रकरणं स्वतःकडे घेऊ शकतं. ऑनलाइन गेमिंगच्या 2025 च्या कायद्याबाबत ते सप्टेंबर 2025 मध्येच झालं. सिगारेटच्या पाकिटावरच्या मोठ्या चित्रांचा वाद तर 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्वतःकडे न घेता सगळा कर्नाटक हायकोर्टाकडे एकत्र पाठवला. डिसेंबर 2017 मध्ये तिथं निकाल झाला, जानेवारी 2018 मध्ये त्याला वरून स्थगिती मिळाली आणि मोठी चित्रं पाकिटांवर राहिली. म्हणजे एका कोर्टात एकत्र सुनावणीसाठी दिल्लीलाच जावं लागतं असंही नाही. हे 139क कलम त्याच बेचाळिसाव्या दुरुस्तीनं आणलेलं आहे. 226क काढून टाकलं गेलं आणि हे ठेवलं गेलं. त्या काळच्या संसदेनं काय टाकायचं आणि काय राखायचं याचा विवेक दाखवला होता.

कायदा करायचाच असेल तर स्थगितीच्या पद्धतीबद्दल काहीतरी करा. केंद्रीय कायद्याला स्थगिती देताना कारणं लिहिलेली असावीत, ती ठरावीक मुदतीची असावी, आणि मुदतीत मुख्य याचिकेची सुनावणी व्हावी. अर्जदारापुरता दिलासा पुरत असेल तर तेवढाच द्यावा, या अमेरिकेतल्या विचाराचाही इथं विचार करायला माझी हरकत नाही. पण जो कायदा मुळात अवैध आहे तो फक्त वकील परवडणाऱ्या माणसापुरता अवैध ठरावा, हे मला न्यायाचं वाटत नाही. वैधतेचा अंतिम निकाल देशभर लागू होतो, असं आपल्या सुप्रीम कोर्टानं 2004 च्या कुसुम इनगॉट्स निकालात म्हटलेलं आहे. ते तसंच राहू द्या. सुप्रीम कोर्टात घटनापीठाच्या प्रकरणांना वेळेचं बंधन कसं घालता येईल यावर मात्र त्या कोर्टाशी बोला.

कलम 226 च छाटायचं ठरवलंत तर ते सोपं नाही, हेही लक्षात असू द्या. हायकोर्टांविषयीच्या तरतुदी बदलायला दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत आणि निम्म्या राज्यांची मंजुरी लागते. त्यातून पार पडलात तरी 1997 च्या एल. चंद्रकुमार निकालात सात न्यायमूर्तींनी सांगून ठेवलं आहे की हायकोर्टाचा न्यायिक पुनर्विलोकनाचा, म्हणजे कायदा घटनेला धरून आहे का हे तपासण्याचा, अधिकार हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे. तो काढून घेता येणार नाही.

आमच्या सहा जिल्ह्यांनी मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या खंडपीठासाठी चार दशकांहून जास्त काळ आंदोलन केलं. मोर्चे काढले, कामावर बहिष्कार टाकले, निवेदनं दिली, त्यांतली काही तुमच्याच पक्षांच्या कार्यालयांत. त्या काळात एका रिटच्या तारखेसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर बसून मुंबईला जायचं, बोर्डावर नंबर आला नाही म्हणून त्याच रात्री परत यायचं, असं मी किती वेळा केलंय ते मोजलेलं नाही. माझ्यापेक्षा जास्त हाल पक्षकारांचे झाले. 18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालं त्या दिवशी मी तिथं होतो. वयस्क वकील एकमेकांना मिठ्या मारत होते.

कोल्हापूरला येणं झालं तर सीपीआर रुग्णालयासमोरच्या त्या इमारतीत एक सकाळ काढा. प्रोटोकॉल नको, बाकावर बसा. शेजारी सिंधुदुर्गाहून पहाटेच्या एसटीनं आलेला कोणी असेल, पंढरपूरकडची एखादी बाई असेल. त्यांची कागदपत्रांची पिशवी पाहा आणि मग ठरवा, सरकार केंद्राचं आहे म्हणून यांना पुढची गाडी दिल्लीची धरायला सांगायचं का. माझ्याशी बोलायचं असेल तर सांगलीच्या बाररूममध्ये दुपारच्या सुट्टीत मी रोज असतो.

आपला नम्र,
सांगलीतील एक वकील